सिस्टरचा थकवा, सिस्टरचं समाधान

आम्ही वलवणच्या नर्सेस. आमच्यातल्या कुणी सरकारी दवाखान्यात आहेत, कुणी खासगीत. बऱ्याचजणी लोणावळ्याहून लोकलनं तळेगाव, चिंचवडकडे ड्युटीला जातो. एरवी आम्ही बोलतो ते तुमच्या बीपी-शुगरबद्दल. आज आमच्याबद्दल बोलणार आहोत. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मुली एएनएम, जीएनएम करतायत. कुणाची सून आमच्यासारखीच पांढऱ्या कपड्यात घराबाहेर पडते. म्हणून हे तुमच्या कानावर असावं.

दमणं कुणाला नवीन आहे? भातलावणी करून आलेली बाईही दमते. पण ती रात्री झोपली की सकाळी ताजी होते. आम्ही सांगतोय तो थकवा झोपेनं जात नाही. त्याला बर्नआउट म्हणतात. 1974 साली न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञांनी मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांची अवस्था पाहून त्याबद्दल लिहिलं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची तीन लक्षणं सांगितली : अंगातलं बळ सरणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेनं एक गोष्ट स्पष्ट केली, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. हा आजार नाही, कामाच्या जागचा ताण वेळेवर हाताळला नाही त्याचा हा परिणाम आहे. म्हणजे दोष बाईच्या मनाच्या कमजोरीचा नाही. जाळ मोठा ठेवून कुणी ढवळलंच नाही, तर दूध करपणारच.

आम्हाला ते कसं कळतं? पेशंटच्या नावावरून. मन ठिकाणावर असतं तेव्हा आम्ही म्हणतो, पवारकाकूंचं सलाइन संपत आलंय. करपायला लागलं की म्हणतो, सहा नंबरचं सलाइन. मग कुणी दगावलं तरी डोळ्यात पाणी येत नाही, आणि घरी आल्यावर मुलानं पाणी मागितलं तरी अंगावर धावून जावंसं वाटतं.

कारणं शोधायला लांब जायला नको. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे : शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक, आणि आयसीयूत एकाला एक. आमच्यातल्या कितीजणींनी वीस-वीस पेशंटची नाइट एकटीनं काढली आहे, ते विचारू नका. त्यात सगळं लिहून ठेवायचं. डॉक्टर राउंड घेऊन जातात, औषध बाहेरून आणावं लागतं, बिल वाढतं. नातेवाइकांचा राग मात्र समोर उभ्या असलेल्या सिस्टरवर निघतो.

हे ऐकून वाटेल, मग ही नोकरी करता कशाला? तर ऐका. याच कामातून जे मिळतं, तेही दुसरीकडे मिळत नाही. आठ दिवस न बोललेला म्हातारा एकदम चहा मागतो. श्वास न घेणारं बाळ चोळता चोळता रडतं. त्या दिवशी घरी जाताना पाय दुखत नाहीत. अभ्यासक याला सेवेतलं समाधान म्हणतात. बेथ स्टॅम नावाच्या अमेरिकी संशोधिकेनं ते मोजायला 30 प्रश्नांची एक प्रश्नावली केली. त्यात समाधान वेगळं मोजतात आणि बर्नआउट वेगळं. म्हणजे समाधानी सिस्टर आणि थकलेली सिस्टर या दोन निराळ्या बायका नव्हेत. एकीच्याच ठायी दोन्ही असू शकतं.

मुंबईच्या केईएमच्या नर्सेसची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अरुणा शानबाग तिथं नर्स होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर अत्याचार केला, गळा आवळला. मेंदूला रक्त मिळालं नाही आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून 18 मे 2015 रोजी न्यूमोनियानं त्या गेल्या तोपर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, केईएमच्या नर्सेसनी त्यांना भरवलं, अंघोळ घातली, कूस बदलून दिली. एवढ्या वर्षांत त्यांना अंथरुणाची जखम झाली नाही. घरी पक्षाघाताचं माणूस सांभाळलं असेल, त्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

लेखिका पिंकी विराणींनी अरुणाताईंचे हाल थांबावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यांची तळमळही खरीच होती. पण 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की, अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे.

लोक ही गोष्ट सांगताना नर्सेसना देवी करून टाकतात. आम्हाला ते रुचत नाही. देवीला पगार लागत नाही, सुट्टी लागत नाही! केईएमच्या नर्सेसनी आधी काय केलं? संप केला. अरुणाताईंना नीट वागवा आणि आम्हाला सुरक्षितपणे काम करता येऊ द्या, असं सांगितलं. पुढे 1980 च्या दशकात महापालिकेनं अरुणाताईंना दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हाही त्या अडून बसल्या, आणि पालिकेला बेत सोडावा लागला. शिवाय हे काम एकटीच्या गळ्यात पडलं नव्हतं. पाळी बदलत होती. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांनी हातात घेतलं. आमच्या मते समाधान टिकलं ते यामुळे. म्हणून एखादी नर्स दमल्याचं सांगत असेल, तर केईएमच्या बायकांनी 42 वर्षं केलं, तुला एक नाइट जड होते का, असं तिला ऐकवू नका.

मुलीला नोकरीला लावताना पगार आणि ड्युटी दोन्ही विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं लहान खासगी रुग्णालयातल्या नर्सलाही महिन्याला निदान 20,000 रुपये मिळावेत, अशी शिफारस केलेली आहे. बाँडच्या कागदावर सही करायच्या आधी तो घरी आणून वाचा. आणि दवाखान्यात कुणी सिस्टरवर हात उगारला तर 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे गावातल्या तापट पोरांच्या कानावर घाला.

तुमचं माणूस ॲडमिट असेल तर चौघांनी चार वेळा तेच विचारण्यापेक्षा एकानं विचारावं आणि बाकीच्यांना सांगावं. रात्रभर जागून आलेली सून सकाळी झोपली असेल तर दाराशी भांडी आपटू नका, पाहुण्यांना चहा करायला तिला उठवू नका. दिवसाची झोप तशीही कच्ची असते. तिला चार तास सलग मिळू द्या.

आणि फारच कोंडल्यासारखं झालं, झोप उडाली, जीव नकोसा वाटला, तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आमच्यासारखाच तो तुमच्यासाठी आणि गावातल्या आशाताईंसाठीही आहे.

आमच्यातल्या दोघींची आज नाइट आहे, तेव्हा इथंच थांबतो. नमस्कार.