तिघांची बैठक

गावच्या भजनात तुम्ही नेहमी पाहता, बुवा अभंग रंगवतात आणि पखवाज, टाळ त्यांना धरून चालतात. गाणाऱ्यानं मोकळं फिरावं, साथीनं ठेका सांभाळावा, ही जुनी रीत. आज न्यूयॉर्कच्या ज्या तीन वादकांची हकिकत सांगणार आहे, त्यांनी ही रीत बाजूला ठेवली.

जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेलं संगीत. मूळ चाल ठरलेली. विस्तार मात्र वाजवता वाजवता, जागच्या जागी करायचा. आपल्या ख्यालगायकांना यात नवल वाटणार नाही. बिल एव्हान्स पियानो वाजवी. १९५९ साली त्यानं ड्रम वाजवणारा पॉल मोशन आणि डबल बासवाला स्कॉट लाफारो यांना सोबत घेतलं. डबल बास म्हणजे माणसाहून उंच, जाड तारांचं, खर्जात घुमणारं वाद्य. जॅझमध्ये ते बहुधा बोटांनी छेडतात. त्यानं एरवी नांगराच्या बैलासारखं मुकाट चालायचं. लाफारो मात्र मध्येच बोलू लागला! पियानोनं एक वाक्य टाकावं, यानं ते अर्ध्यातून उचलावं. मोशनही ठोके मोजत बसेना. झांजेवर नुसती कुजबूज करी. ठेका उघड कुणीच धरत नाही, तरी लय सुटत नाही. ती तिघांच्या मनात चालू असते.

२५ जून १९६१, रविवार. 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाच्या तळघरातल्या लहानशा क्लबात दुपारी नि रात्री मिळून पाच बैठका झाल्या, त्या ध्वनिमुद्रित केल्या. पहिल्याच चिजेत वीज गेली नि मुद्रण तुटलं. (वीज काय फक्त आपल्याकडेच जाते?) मंडळी गप्पा मारताहेत, पेले किणकिणताहेत, तेही सारं ऐकू येतं.

अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय अवघं पंचवीस. एव्हान्सनं पुढं कित्येक महिने लोकांसमोर वाजवलं नाही. त्या रविवारची पहिली तबकडी काढताना लाफारोचं वादन उठून दिसेल अशाच चिजा निवडल्या. पहिली आणि शेवटची तर त्याचीच रचना.

या तिघांच्या तबकड्या चारच, दोन स्टुडिओतल्या, दोन त्या दिवसाच्या. पण पुढं पियानो, बास आणि ड्रम असे तिघं जमले की बासवाल्यालाही बोलायची मुभा असते, हे गृहीतच धरलं जाऊ लागलं. १९८३ साली जमलेलं कीथ जॅरेटचं त्रिकूट याच वाटेचं. एव्हान्स १९८०मध्ये गेला, मोशन २०११मध्ये.

गुरुजी, ही तबकडी मिळाली तर वर्गात लावा, आणि मुलांना पियानो सोडून खालच्या जाड तारांकडे कान लावायला सांगा. पहिल्या खेपेला त्या सापडणार नाहीत. दुसऱ्यांदा लावा.