वाळू धरून ठेवणारं गवत

मी मलकापूरचा. शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर हां, बुलढाण्याचं वेगळं. आमच्याकडं समुद्र नाही, पण आंबा घाट उतरून रत्नागिरीकडं गेलं की किनाऱ्यावर आत्याचं घर आहे. आजचं बोलणं तिथल्या एका गवताबद्दल.

शास्त्रीय नाव स्पिनिफेक्स लिटोरियस. पानं ताठ, टोकं सुईसारखी, अनवाणी गेलात तर कळेलच. तमिळमध्ये त्याला 'रावणाच्या मिशा' म्हणतात. नर आणि मादी झाडं वेगवेगळी. मादीचा काटेरी गोळा सुटला की वाऱ्यानं पुळणीवर गडगडत जातो आणि बी पसरतं.

दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या गाड्या लावायला आत्याच्या घरापुढची वाळूची टेकडी सपाट केली. जेसीबी ठरवून देणारा मीच, हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी माडांच्या मुळाशी आलं. मग वाचायला बसलो. या टेकड्या सीआरझेड अधिसूचनेत सगळ्यात कडक वर्गात आहेत, हेही तेव्हाच कळलं.

काम कसं चालतं बघा. वारा वाळू आणतो, पानांत ती अडते, गवत गाडलं जातं. मग वरच्या पेरांना मुळं फुटतात आणि ते परत वर येतं. टेकडी त्याच्याबरोबर वाढते. पाण्याच्या बाजूला मर्यादवेल पसरते, तिच्यामागं हे.

पहिली लागवड मी आमच्या गच्चीवर केली. कुंडीत तांबडी माती, वर शेणखत, आणि मलकापूरचा पाऊस! पंधरा दिवसांत कुजलं. त्याला नुसती वाळू लागते, खत नको, पाणी साचलेलं तर अजिबात नको.

आता पद्धत अशी: जूनमध्ये पाऊस लागला की दाट जागेतून जमिनीवर पसरणाऱ्या फांद्या थोड्याथोड्या घ्यायच्या. उघड्या कडेच्या तोडायच्या नाहीत. दोन-तीन पेरं ओल्या वाळूत पुरायची, शेंडा वर ठेवायचा. नंतरची निगा म्हणजे पाय आणि चाकं लांब ठेवणं, बस्स. आम्ही काठ्या रोवून सुंभ बांधलं.

तीस तुकडे लावले, अकरा जगले. त्यांच्याभोवती घोट्याएवढी वाळू चढलीय. आत्या अजून विचारते, गाड्या कुठं लावायच्या? सध्या रस्त्याकडेला. जूनमध्ये परत जातोय, उरलेल्या जागेत लावायला.