जुनी गाणी, नवी साथ



रॉक संगीत म्हणजे नुसता गोंगाट, अशी माझी समजूत होती. नातीने एके दिवशी ‘मा रेवा’ हे गाणे ऐकवले आणि ती गळून पडली.

हे गाणे दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचे. सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा, एवढ्या भांडवलावर १९९० साली तो उभा राहिला. पुढे राहुल राम आले. पर्यावरणातील विषद्रव्यांवर संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळवलेली. पण नर्मदा बचाव आंदोलनात काम करताना खोऱ्यातली लोकगीते त्यांच्या मनात भरली. ‘मा रेवा’ तिथलेच. २००० साली निघालेल्या ‘कंदिसा’ या ध्वनिमुद्रिकेत ते आहे. शेजारीच केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची आरामाईक भाषेतली प्रार्थना आहे. साथीला गिटार आणि ड्रम, पण गाण्याचा मातीचा वास कायम!

२००९ साली असीम चक्रवर्ती निवर्तले, २०१३ साली सुस्मित सेन बाहेर पडले. तरी गाणे थांबले नाही. आपल्या भाषेत रॉक गाता येते, हा धीर अनेक तरुणांना त्यांच्यामुळे आला.

माझ्या सासूबाई जात्यावर ओव्या म्हणत. मी एकही उतरून घेतली नाही. त्या गेल्या, ओव्याही गेल्या. भगिनींनो, घरात कुणी म्हातारी गात असेल, तर आजच वही घेऊन तिच्यापाशी बसा. साथ नातवंडे शोधतील. गाणे मात्र आपणच राखायला हवे.