मुतखड्याचा हिशेब
(उरण येथील बैठकीतील भाषण)



आपल्या कापसाच्या गाठी ज्या न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात, ते इथेच, उरणच्या अंगाला. आज मात्र आम्ही बोलणार आहोत मुतखड्यावर. उन्हात घाम जातो, पाणी कमी पडते, लघवी घट्ट होते आणि क्षारांचा खडा धरतो. मिठागरावर राबणाऱ्या आगऱ्याला आणि कोरडवाहू रानात कापूस वेचणाऱ्या बाईला हे सारखेच लागू.

पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो. मोठा असेल तर बाहेरून लहरी मारून फोडतात. चिरा नाही, पण खेपा वाढू शकतात. मूत्रनळीत अडकलेला दुर्बिणीने काढतात. मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरच्या वरचा असेल तर पाठीला छिद्र पाडून. पुष्कळदा आत नळी ठेवतात, ती काढायला पुन्हा जावेच लागते. दुखत नाही म्हणून ती विसरली, तर नळीवरच खडे धरतात आणि पहिल्याहून मोठे ऑपरेशन पदरी पडते. एसटीचे भाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, ऐन वेचणीत काढलेले व्याजाचे पैसे दवाखान्याच्या बिलात कुठे दिसतात? म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा: एकूण खेपा किती?

सर्वांत स्वस्त औषध पाणी. इटलीत एकदा खडा झालेल्यांवर पाच वर्षे प्रयोग झाला, 1996 साली छापून आला. भरपूर पाणी पिणाऱ्यांत पुन्हा खडा झाला 12 टक्क्यांना, इतरांत 27 टक्क्यांना. कुळथाचे कढण खुशाल प्या, पोटात पाणीच जाते. बिअरचा सल्ला देणाऱ्याला मात्र वाटेला लावा.

पण वेचणी किलोवर. पाण्याला उठले की मजुरी बुडते. हमीभावासाठी सरकार उत्पादन खर्च काढते, त्यात बियाणे, खत, घरच्यांची मजुरी, जमिनीचा खंडही धरते. घामाने धरलेल्या खड्याचा खर्च कोणत्या रकान्यात?

2012 साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. 2023 च्या निर्णयाने ती सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली. ॲडव्हान्स भरण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा, आपले ऑपरेशन बसते का ते विचारा. कळेबरोबर थंडीताप आला किंवा लघवी बंद झाली, तर वेचणी, बाजार काही पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.