पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्गातील अपेक्षा
(विज्ञान शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माध्यमिक शाळेच्या नववीत आलेला विद्यार्थी पदार्थविज्ञानाला खऱ्या अर्थाने प्रथमच सामोरा जातो. विज्ञानातील अनेक गोष्टी त्याने खालच्या इयत्तांतून ऐकलेल्या असतात. परंतु गती, बल, कार्य, ऊर्जा या रोजच्या शब्दांना मोजमापाचा काटेकोर अर्थ आणि गणिताची जोड मिळते ती या टप्प्यावर. अशा विद्यार्थ्याकडून आपली नेमकी अपेक्षा काय, हे आपण ठरविले नाही, तर ते परीक्षा ठरविते. आणि परीक्षेने ठरविले की, व्याख्या पाठ करणे हीच विद्या होऊन बसते. म्हणून या अपेक्षांचा विचार आज आपणासमोर मांडावयाचा आहे. माझ्या मते त्या चारच आहेत.

पहिली अपेक्षा अशी की, विद्यार्थ्याने प्रयोगापूर्वी आपला अंदाज सांगावा. दोऱ्याला दगड बांधून दोलक करावा आणि वर्गाला विचारावे : दगड दुप्पट जड घेतला, तर एका झोक्याला लागणारा वेळ वाढेल की घटेल? बहुतेक मुले काही तरी फरक पडेल असेच म्हणतील. मग प्रयोग करावा. वजन बदलूनही वेळ तोच राहतो. लांबी एक मीटरवरून पाव मीटरवर आणली की मात्र तो निम्मा होतो. स्वतःचा अंदाज चुकल्याचे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तो हा नियम सहसा विसरत नाही. चुकीच्या अंदाजाला वर्गात हसू मिळता कामा नये. अन्यथा दुसऱ्या दिवशी कोणीही तोंड उघडणार नाही.

दुसरी अपेक्षा एककांची. एककावाचून लिहिलेला आकडा हा अर्थहीन आकडा होय. यात शिक्षकाचा हट्ट आहे असे कोणी समजू नये. मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेने पाठविलेले एक यान १९९९ च्या सप्टेंबरात नष्ट झाले. आवेगाचे आकडे एका बाजूने पौंड-सेकंदांत दिले गेले आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरले गेले. आकडेमोड बरोबर होती, एकक चुकले होते. आपल्या गावातील उदाहरण घ्यावयाचे, तर एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीचा पंप चार तास चालला, तर सुमारे १५ युनिट वीज लागते. मोटारीत वाया जाणारी ऊर्जा धरल्यास त्याहून काहीशी अधिक. हा हिशेब ज्या मुलाला घरी करून दाखविता येतो, त्याला किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांतील भेद निराळा शिकवावा लागत नाही.

तिसरी अपेक्षा मला सर्वांत अगत्याची वाटते. जे दिसले, जे मोजले, तेच वहीत लिहिले गेले पाहिजे. अनेक ठिकाणी प्रयोगाचे जर्नल गतवर्षीच्या जर्नलावरून उतरवून काढले जाते. प्रत्येकाचे गुरुत्वत्वरण नेमके ९.८ येते, आणि वहीवर सही होते. येथे पदार्थविज्ञान तर शिकविले जात नाहीच. उलट असत्य नीटनेटक्या अक्षरात लिहिले की गुण मिळतात, हा धडा मात्र पक्का होतो.

समजा, एका मुलीने एक मीटर लांबीच्या दोलकाची २० दोलने मोजली आणि तिला ३९.४ सेकंद लागले. त्यावरून गुरुत्वत्वरण सुमारे १०.२ येते. तिने १०.२ असेच लिहावे. मात्र हे का झाले याचाही शोध घ्यावा. कदाचित तिने लांबी दगडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजली असेल. ती दगडाच्या मध्यापर्यंत मोजावयास हवी होती. दगड सात सेंटीमीटर उंच असेल, तर खरी लांबी ९६.५ सेंटीमीटर ठरते, आणि उत्तर ९.८ च्या जवळ येते. हा शोध घेताना ती जे शिकली, ते पुस्तकातील आकडा उतरविणाऱ्या वर्गाला मिळणार नाही. म्हणून गुण द्यावयाचे ते उत्तराच्या जवळिकीला नव्हेत, तर नोंदीच्या खरेपणाला आणि कारणमीमांसेला द्यावेत.

चौथी अपेक्षा ही की, सूत्राचा अर्थ विद्यार्थ्याला साध्या मराठीत सांगता यावा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे लिहिणे सोपे आहे. त्याचा अर्थ असा की, ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल ताशी ८० ने जाऊ लागली की तिची ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक तितक्याच जोराने लावला तर ती थांबावयास चौपट अंतर लागते. हे ज्याला उमगले, त्याला रस्त्यावरील वेगमर्यादेची पाटी निराळी दिसू लागते.

या अपेक्षा न्याय्य केव्हा ठरतील? विद्यार्थ्याला आपणाकडून जे मिळावयास हवे, ते मिळेल तेव्हाच. कोठारी आयोगाने १९६४–६६ च्या अहवालात शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांसाठी आवश्यक मानले. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांतून १९७२ साली असा एक उपक्रम सुरू झाला की, ज्यात माध्यमिक टप्प्यापूर्वीच्या ग्रामीण मुलांनी साध्या साहित्याने स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढावयाचे होते. तो पुढे अनेक शाळांत पसरला आणि २००२ साली बंद झाला. तथापि साधनांची उणीव ही प्रयोग न करण्यास पुरेशी सबब नव्हे, हे त्याने दाखवून दिले. दोरा, दगड, मीटरपट्टी आणि सेकंद दाखविणारे घड्याळ एवढ्यावर दोलकाचा प्रयोग होतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रयोगाची तासिका दुसऱ्या विषयाला देऊ नये. गटात मुलगे उपकरण हाताळतात आणि मुली नोंदी लिहितात, अशी वाटणी पुष्कळदा नकळत होते; ती पाळीपाळीने बदलावी. अधिकाऱ्यांनी शाळा-तपासणीच्या वेळी जर्नले किती पूर्ण झाली हे मोजण्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याकडून समोर एक मोजमाप करून घ्यावे. पंचायत सदस्यांनी शाळेत जाऊन एवढेच पाहावे की, साहित्य कुलुपबंद कपाटात आहे की मुलांच्या हातात.

या वर्गातील सर्वच मुले पुढे विज्ञानाकडे जाणार नाहीत. कोणी शेती करील, कोणी वीजजोडणीचे काम करील, कोणी पंचायतीत आपल्याच जागी बसेल. परंतु मोजल्यावाचून न बोलणे आणि मोजल्यावर खोटे न लिहिणे, ही सवय त्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. पाणीपुरवठ्याच्या योजनेचा हिशेब असो वा रस्त्याच्या कामाची मोजणीवही असो, तेथील खरेपणाचा पाया नववीच्या प्रयोगवहीत घातला जातो. तो पाया भक्कम घालण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.