संगणकावरचं कव्हर काढा



सत्कार सकाळीच झाले, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आपल्या तालुक्यात ग्रंथालयांना संगणक मिळाले, त्यांचे फोटो निघाले, तपासणीच्या वहीत नोंदी झाल्या. त्यातले बरेचसे आज पदाधिकाऱ्यांच्या खोलीत प्लास्टिकच्या कव्हरखाली पडून आहेत. खोलीला कुलूप आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी. संगणक वाचनकक्षात आणा, ही माझी मागणी तुम्हांला आता पाठ झाली असेल. कार्यकारिणीत ती दरवेळी पुढच्या बैठकीवर ढकलली गेली. ‘धूळ बसेल’, ‘पोरं बिघडवतील’, ‘जबाबदारी कोण घेणार?’ असं म्हणणारे आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यांनी ऐकावं म्हणूनच मी या अधिवेशनाचं अध्यक्षपद स्वीकारलं.

हीच मंडळी दर 12 ऑगस्टला डॉ. रंगनाथनांच्या तसबिरीला हार घालतात. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम वापराचा आहे. एके काळी पुस्तकं साखळीने बांधून ठेवत. ती साखळी सुटली आणि आपण संगणकाला कव्हर घातलं. काही मित्रांच्या ग्रंथालयांतही संगणक आतच आहे, पण तिथे जागेची खरी अडचण आहे, हे मी जाणतो. बाकीच्यांना ती सबब नाही. कोणी म्हणेल, एवढ्याशा कव्हराचं काय घेऊन बसलात? माझं म्हणणं आहे, या तालुक्यात माणसं नाडली जातात त्याचं मूळ या कव्हराखाली आहे.

माझ्या आत्याचं सांगतो. तिचा जन्म भातलावणीत गेला. रेशनवर अंगठ्याचं मशीन आलं आणि तिचा अंगठा लागेना. चिखलात, बांधाच्या दगडांवर बोटांच्या रेषाच झिजलेल्या. दुकानदार सांगे, हात धुऊन या. ती नळावर जाई, पदराला हात पुसून पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राही. ठसे पुन्हा नोंदवता येतात, हे तिला कोणी सांगितलं नाही. ‘माझाच हात खराब,’ असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली.

आता 2025च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली. अर्जात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितलेला. ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही गेले, तिने काय भरायचं? अशा बाया दुकानांच्या दारात ताटकळल्या. फोन दुसऱ्याच्या हातात दिला, आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला, वर पैसे मोजले. त्याच वेळी वाचनालयातला संगणक कव्हरखाली होता.

शेतकऱ्याची तीच गत. 2021पासून पिकाची नोंद त्याने स्वतः मोबाइलवर, बांधावर उभं राहून करायची आहे. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक नाही, मग खरेदी केंद्रावर विचारणार कोण? वरच्या वाड्यांवर रेंज नाही. गावात मुलगा असेल तर करून देतो, पण तो तर पुण्याला कंपनीत.

तारेचं म्हणाल, तर सगळ्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना 2011 साली मंजूर झाली. आज तिला भारतनेट म्हणतात. तार आली तरी ती वापरायला शिकवणारं माणूस तारेतून येत नाही. ते माणूस आपल्याकडे बसलेलं आहे. 1967च्या कायद्याने मान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं राज्यात आहेत. तिथली ग्रंथपाल गावातल्या प्रत्येक घराला नावाने ओळखते. म्हातारी तिच्यापुढे लाजत नाही, चार वेळा तेच विचारते. या ग्रंथपालाला आपण काय पगार देतो, हे या सभागृहात सांगायची मला शरम वाटते. ‘ही कामं ग्रंथालयाची नव्हेत’ असं एका ज्येष्ठांनी मागच्या अधिवेशनात सुनावलं होतं. त्यांचा स्वतःचा सातबारा कोण काढून देतं, ते त्यांनी सांगावं.

उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. संगणक वाचनकक्षात यावा, किल्ली ग्रंथपालाकडे असावी, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बायका आणि वृद्धांसाठी राखीव असाव्यात आणि त्या वेळेचं मानधन ग्रंथपालाला वेगळं मिळावं. मतदान आवाजी होऊ देणार नाही. विरोध असेल त्यांनी हात वर करावा. इतिवृत्तात नावं लिहिली जातील.