देवमाशाचे भाऊबंद
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



देवमासा हा मासा आहे का? नावात मासा, आकारही माशाचा. पण तो फुफ्फुसाने श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. म्हणजे आपल्यासारखाच सस्तन प्राणी. मग सस्तन प्राण्यांत त्याचे जवळचे भाऊबंद कोण?

पुष्कळ वर्षे जाणकार मंडळी दातांच्या ठेवणीवरून सांगत, की मेसोनिकिड नावाचे, आता नामशेष झालेले मांसाहारी प्राणी हे त्याचे पूर्वज.

आता शाळेतले उदाहरण घ्या. दोन मुलांचे उत्तर बरोबर असेल तर गुरुजींना काही संशय येत नाही. पण दोघांच्या वहीत त्याच ओळीत तीच चूक दिसली, की गुरुजी ओळखतात, दोघांनी एकाच वहीतून उतरवले!

डीएनए ही प्रत्येक प्राण्याची अशीच वही आहे. तिच्यातले काही छोटे तुकडे आपली नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसतात. एकदा बसले की सहसा निघत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातात. तोच तुकडा दोन प्राण्यांत नेमक्या त्याच जागी सापडला, तर तो एकाच पूर्वजाकडून आलेला, असे समजायचे.

जपानचे नोरिहिरो ओकादा आणि सहकाऱ्यांनी हे तुकडे तपासले. १९९७ साली त्यांनी दाखवले, की देवमासा गाय, हरीण अशा जोडखुरी प्राण्यांच्या कुळातला आहे. १९९९ साली पुढचे उत्तर आले. आज हयात असलेल्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा! काही तुकडे या दोघांतच होते. गाय, डुक्कर, उंट यांच्यात त्या जागा रिकाम्या होत्या. पाणघोडा त्याचा बाप नव्हे बरं का, चुलतभाऊ.

हाडांच्या अभ्यासकांना हे लगेच पटले नाही. त्यांपैकी एक अमेरिकेचे फिलिप गिंगरिच. ते मेसोनिकिडांच्या बाजूचे. पण त्यांनाच पाकिस्तानात पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे घोट्याचे हाड सापडले. त्याला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती, अगदी जोडखुरी प्राण्यांची असते तशी. २००१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि आपले जुने मत सोडले.

विद्यार्थी मित्रांनो, एवढेच लक्षात ठेवा. वरच्या रूपावरून नाते ठरवू नका. आणि पुरावा समोर आल्यावर स्वतःचे मत बदलणारा माणूस हरत नाही, तो शिकतो.